त्याच खिडकीवर कुत्र्याचंही लायसन

पॅरिश हॉलच्या, म्हणजे गावच्या कचेरीच्या, रांगेत माझा नंबर तिसरा होता. सगळ्यात पुढच्या आजींना कुत्र्याचं लायसन हवं होतं, त्यांच्या मागच्या पोराला गाडीचं आणि मला रायफलचं. खिडकीतल्या बाईंनी तिघांनाही एकाच सुरात "गुड मॉर्निंग" म्हटलं. माझा अर्ज उलटसुलट पाहून त्या म्हणाल्या, "निळ्या शाईने भरलायस गं. काळी लागते." बंदूक कशाला हवी, कुठली, किती मोठी, काही नाही. घरी गेले, सगळा अर्ज पुन्हा भरला.

ही गोष्ट जर्सीची. अमेरिकेतल्या न्यू जर्सीची नव्हे, फ्रान्सच्या किनाऱ्यापासून २२ किलोमीटरवर असलेल्या जुन्या जर्सी बेटाची. जेमतेम १२० चौरस किलोमीटर जमीन, लाखभर माणसं. नोटांवर तेव्हा इंग्लंडची राणी, पण बेट ब्रिटनचा भाग नाही. विधिमंडळ वेगळं, कर वेगळे, कायदे वेगळे. फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली आणि २०१६ मध्ये आम्ही दोघं इथे आलो. आल्या आल्या कळलं की इथे राहायला माणसालाही प्रकार असतात आणि आमच्या प्रकाराचं नावच 'लायसन्स्ड'. म्हणजे रायफलच्या आधी लायसन माझंच निघालं होतं.

मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. बंदूक आमच्या घरात होती, पण ती आबांची, ठासणीची, शेतसंरक्षणाच्या लायसनवरची. वानरं आणि डुकरं हाकलायला. आबांनी बार काढला की वानरं समोरच्या फणसावर जायची आणि तासाभराने परत यायची, एवढाच तिचा उपयोग. निवडणुका लागल्या की ती गोणपाटात गुंडाळून बाबा एसटीने पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायचे. "आचारसंहिता माकडांना आधी समजते," असं आबा म्हणायचे, कारण नेमक्या त्याच दिवसांत बाग उजाड व्हायची. मला त्या बंदुकीला हात लावायची परवानगी नव्हती. मी पहिली गोळी झाडली ती कॉलेजात, एनसीसीच्या पॉइंट टू टू रायफलने. पाचांतल्या चार लागल्या. पाचवी शेजारणीच्या टार्गेटवर.

पुढे सगळं विसरून गेले. मग २०१८ मध्ये एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनी सावंतचं नेमबाजीतलं सुवर्ण आलं आणि ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतचं. दोघी कोल्हापूरच्या. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मी हे जरा जास्तच अभिमानाने सांगितलं असावं. तो म्हणाला, "मग शनिवारी ये की रेंजवर."

रेंज उत्तर किनाऱ्यावर, क्रॅबेला. खाली समुद्र, वर वारा, आणि वाऱ्यात उताणी पडलेली हिरवी शेतं. इथे पहिला धडा बंदुकीचा नसतोच, झेंडीचा असतो. रायफलचा बोल्ट (मागचा सरकता दांडा) उघडा आणि चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, प्लॅस्टिकची छोटी झेंडी खोचलेली, म्हणजे आत गोळी नाही हे दहा पावलांवरून दिसलं पाहिजे. झेंडी विसरलं तर कोणी ओरडत नाही. सगळे फक्त थांबतात आणि तुमच्याकडे बघतात. त्यापेक्षा ओरडलेलं बरं. अनेक महिने मी क्लबची रायफल, क्लबच्या गोळ्या, कोणीतरी शेजारी बसलेलं, अशी पालथी पडून पन्नास मीटरवर नेम धरत होते. सभासद व्हायचं तर सुचवणारा एक आणि अनुमोदन देणारा एक लागतो. सुचवणारा सहकारी होता, दुसरं नाव आणायचं कुठून? दोन वर्षं बेटावर राहून मला ओळखणारी माणसं मोजली तर बोटं उरत होती.

शेवटी अनुमोदन दिलं क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने. हे गृहस्थ पिस्तूलवाले. शेजारच्या पट्ट्यात पिस्तुलांचा सराव चालायचा आणि त्यात इंग्लंडहून विमानाने आलेली मंडळी दिसायची. मला वाटलं, सुट्टीला आलेत. ते म्हणाले, "नाही, यांना घरी बंदी आहे." १३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका गोळ्या घालून मारली. पुढच्या वर्षी, १९९७ मध्ये, दोन कायदे करून ग्रेट ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुलं जवळजवळ सगळीच बंद केली. पण तिथला कायदा इथे आपोआप लागत नाही. जर्सीने पिस्तुलं ठेवली. मला वाटलं होतं, हे सांगताना त्यांना बेटाचा अभिमान वाटेल. ते एवढंच म्हणाले, "त्या माणसाची पिस्तुलं लायसनची होती. हे अर्ज भरताना लक्षात ठेव." माझा स्वतःचा कौल विचाराल तर ब्रिटनने केलं ते बरोबरच केलं. आणि तरी मी दर शनिवारी त्या रेंजवर जात होते. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात अजून शेजारी-शेजारी आहेत, एकमेकींशी बोलत नाहीत.

आता अर्ज. इंग्लंडात बंदुकीचं सर्टिफिकेट पोलीस देतात. आपल्याकडे जिल्हाधिकारी, किंवा शहरात पोलीस आयुक्त. जर्सीत, २००० सालच्या फायरआर्म्स कायद्याप्रमाणे, ते देतो तुमच्या पॅरिशचा कोनेताब्ल. बेटाचे बारा पॅरिश, प्रत्येकाचा एक निवडून आलेला कोनेताब्ल, आणि तोच विधिमंडळातही बसतो. त्याच्या हाताखाली सेंटेनिए, व्हँतेनिए अशी उतरंड. मूळ अर्थ शंभर घरांचा आणि वीस घरांचा. ही माणसं पगार घेत नाहीत. दिवसभर आपापला धंदा करायचा आणि उरलेल्या वेळात गावची पोलिसी. पगारी पोलीस वेगळे आहेत, पण कोणावर रीतसर आरोप ठेवायचा तर त्यांनाही सेंटेनिएकडेच यावं लागतं. बाबांना फोनवर हे समजावून सांगायला लागले तर अर्ध्यावर तोडून म्हणाले, "म्हणजे पोलीस पाटील. एवढं लांबण कशाला लावतेस?"

अर्जात कारण लिहायचं होतं. क्लबच्या सेक्रेटरीने आधीच बजावलं होतं, "स्वसंरक्षण वगैरे लिहू नकोस हं." आपल्याकडे लायसन मागणारा बहुधा हेच लिहितो. मी लिहिलं, टार्गेट शूटिंग, अमुक क्लब, एक पॉइंट टू टू रायफल. गोळ्या एका वेळी किती विकत घेणार, घरी किती ठेवणार, तेही लिहिलं.

पेन अडलं ते तब्येतीच्या रकान्यापाशी. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात मी खचले होते. चार वाजता अंधार, खिडकीबाहेर पाऊस, नवरा कामानिमित्त महिनामहिना लंडनला. तीन-चार महिने समुपदेशकाकडे जात होते. गोळ्या नाहीत (औषधाच्या म्हणतेय), फक्त बोलणं. हे लिहायचं? आईचं मत ठाम होतं, "असलं काही सरकारी कागदावर लिहायचं नसतं गं." नवरा म्हणाला, तुझं तू ठरव. दोन दिवस अर्ज फ्रिजवर पडून होता. शेवटी त्या पिस्तूलवाल्या म्हाताऱ्याचं वाक्य आठवलं आणि लिहून टाकलं. सगळं, तारखांसकट. काळ्या शाईने.

त्याने काम लांबलं, हे खरं. डॉक्टरांचं पत्र आलं, भारतातून पोलिसांचा दाखला मागवावा लागला. त्या दाखल्यासाठी बाबांनी किती खेटे घातले ते लिहीत नाही, वाचणाऱ्यांना पाठ असेल.

मधल्या काळात कपाटाचा प्रश्न. रायफल पोलादी कपाटात हवी आणि कपाट भिंतीत बोल्टने आवळलेलं. आम्ही भाड्याने राहत होतो एका जुन्या ग्रॅनाइटच्या घरातल्या वरच्या मजल्यावर. इथला ग्रॅनाइट गुलाबीसर, फार सुंदर. घरमालकांना भोक पाडू का विचारलं तर त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या पणजोबांना भोक पाडणार आहे. रायफलला त्यांची हरकत नव्हती. भिंतीला होती. महिनाभर घासाघीस होऊन तोडगा निघाला, मधल्या काळात कधीतरी घातलेली एक विटांची भिंत बेडरूममध्ये सापडली, तिला मालकांच्या मनात काही किंमत नव्हती.

मग एका संध्याकाळी सेंटेनिए पाहणीला आले. दारात उभे राहून आधी बूट काढले, कारण बुटांना शेतातला चिखल होता. बटाट्याची शेती त्यांची. रस्त्याकडेच्या बांधावर भाजी मांडून शेजारी पैशांचा डबा ठेवायची इथे पद्धत आहे, कोणी राखण बसत नाही. मी ज्या डब्यात दर आठवड्याला पैसे टाकून बटाटे आणायचे तो डबा यांचाच निघाला. त्यांनी दोन्ही हातांनी कपाट धरून गदागदा हलवलं. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "किल्ली कुठे असते?"

"माहीत नाही," नवरा म्हणाला.

"शाब्बास," सेंटेनिए म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. किल्लीचा ठावठिकाणा ज्याच्या नावावर सर्टिफिकेट त्यालाच माहीत असावा, घरातल्या दुसऱ्या कोणालाही नाही. आमच्या संसारात 'माहीत नाही' हे बरोबर उत्तर ठरल्याचा हा एकमेव प्रसंग.

शेवटची पायरी म्हणजे खुद्द कोनेताब्लनी भेटायला बोलावलं. अर्जातल्या त्या रकान्यामुळेच असणार. मी डॉक्टरांच्या पत्राची प्रत, क्लबचं हजेरीपत्रक, सगळं फाइलला लावून गेले. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "पहिल्या हिवाळ्यात फार एकटं वाटलं का?" असं विचारलं. मी हो म्हटलं. "आणि आता?" आता शनिवारी रेंज असते, म्हटलं. मग म्हणाले, "तुमच्या गल्लीत चौकशी केली. सात दहाच्या बसला लाल छत्री घेऊन उभी असते ती हीच, असं सगळे म्हणाले. बसला थांबणाऱ्या म्हाताऱ्यांना छत्रीत घेता म्हणे."

बाहेर आल्यावर हसू आलं आणि थोडी चीडही आली. माणूस ओळखून बंदूक देणं मला पटतं, आबांच्या लायसनवर सही करणाऱ्या साहेबाने आबांना कधी पाहिलंही नव्हतं. पण ओळख म्हणजे काय, तर छत्री? समजा मी छत्री न आणणारी, मान खाली घालून जाणारी असते तर? शिवाय चौकशी झाली म्हणजे गल्लीभर कळलं. पुढच्या आठवड्यात दुकानातल्या बाईंनी दूध देता देता विचारलं, "आली का रायफल?" घरात बंदूक आहे हे जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं, या तत्त्वाचं तिथेच तेरावं झालं. बारा पॅरिशांत बारा माणसं सही करणार, आणि प्रत्येकाची छत्री वेगळी असणार, हा विचार अजून जात नाही.

सर्टिफिकेट मिळालं. क्लबातल्याच एका बाईंकडून जुनी रायफल घेतली, तिची नोंद झाली. नवीन काही घ्यायचं तर पुन्हा अर्ज.

२०२२ च्या जूनमध्ये इथे सार्वत्रिक निवडणूक लागली. बाबांचा फोन आला, त्यांचा पहिला प्रश्न, "जमा केलीस का?" आबा गेल्यापासून ती ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यातच पडून आहे, वारसाच्या नावाने लायसन करून घेणं बाबांना जमलं नाही, की त्यांनी मनावर घेतलं नाही. मी म्हटलं, इथे निवडणुकीला बंदूक जमा करत नाहीत. क्लबात त्या पिस्तूलवाल्या म्हाताऱ्याला आपली पद्धत सांगितली तेव्हा तो म्हणाला होता, "इथे सगळ्यांनी बंदुका जमा केल्या त्या एकदाच, दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या जुलैत. बेट घेणाऱ्या जर्मनांकडे."

या बेटावर मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, दोन वर्षांचा रहिवास पुरतो. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर मीही मतदार. आमच्या पॅरिशमध्ये कोनेताब्लच्या जागेला एकच उमेदवार होते, माझ्या सर्टिफिकेटवर सही करणारेच. एकटा उमेदवार असला तरी त्या वर्षीपासून मतपत्रिकेवर दुसरा पर्याय आला होता, आपल्या 'नोटा'सारखा (वरीलपैकी कोणी नाही). आदल्या आठवड्यात ते दारोदार पत्रकं वाटत आमच्याकडेही आले. पाऊस होता. पत्रक देऊन झालं, हवापाण्याचं बोलून झालं, तरी ते दारातच उभे. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. त्यांच्याकडे छत्री नव्हती.

लाल छत्री दिली. मतदानाच्या दिवसापर्यंत ती परत आलेली नव्हती.