पाणी नसलेलं बेट

मिडेलब्यूर्ट नेदरलँड्सच्या नकाशात शोधायचं तर बराच झूम करावा लागतो, वाडी म्हणावं की नाही असं ते प्रकरण आहे, एक चर्च, आजूबाजूला थोडी लाकडी घरं आणि पुढे नजर जाईल तिथपर्यंत सपाट शेतं. मी सायकलवरून पोचले तेव्हा आधी वाटलं रस्ताच चुकला. बेट बघायला आलेय आणि पाण्याचा टिपूस नाही!

पण होतं बेटच, स्खोकलंड नावाचं (त्यातला 'ख' काढताना घशात माशाचा काटा अडकल्यासारखा आवाज यावा लागतो, मला अजून जमत नाही). भोवती झाउडरझे समुद्र, उथळ पण खवळला की वाईट. बेटाच्या उत्तरेला एमेलोर्ड गावात कॅथलिक, इकडे मिडेलब्यूर्टला प्रोटेस्टंट, म्हणजे एवढ्याशा जागेतसुद्धा दोन पार्ट्या, चालायचंच! घरं मातीच्या उंचवट्यांवर आणि मधे चिखल, म्हणून येण्याजाण्याला लाकडी फळ्यांची वाट. कडेला खांब ठोकून ठोकून थकले लोक, तरी समुद्र कुरतडतच राहिला, १८२५ च्या पुराने तर पार वाट लावली. आता म्युझियम झालेलं हे चर्च त्यानंतरचं, १८३४ चं. आणि ते बांधून जेमतेम २५ वर्षं होतायत तोवर, १८५९ मध्ये, सरकारने बेट रिकामं करायला लावलं. ६५० च्या आसपास माणसं, बरीचशी मुख्य भूमीवर कांपेन गावाला गेली, काही फोलेनडामला.

आणि मग १९३२ मध्ये याच डच लोकांनी मोठा बांध घालून समुद्राचं तोंड बंद केलं, आत अजून बांध घालून पाणी उपसलं आणि १९४२ मध्ये बेटाभोवती कोरडी जमीन! ८३ वर्षं आधी ज्या समुद्राने घरदार सोडायला लावलं त्यालाच हाकललं की हो. नव्या जमिनीवर वसवलेल्या गावांना बेटावरचीच नावं दिली, एमेलोर्ड आणि एन्स, त्यामुळे गूगल मॅप्सवर माझा जो गोंधळ झाला तो सांगत नाही.

जुन्या बंदराच्या धक्क्यावर उभी राहिले, समोर बोटींऐवजी गवत. खाली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती आहे, ती सुकली की बसते आणि बेट खचतं, म्हणून आता इथे जमिनीतली पाण्याची पातळी मुद्दाम वर ठेवतात. हे वाचत होते तेवढ्यात पाऊस आला, डच पाऊस, आडवा, आणि आडोशाला एक झाड नाही.