जमिनीवर कसली भीती?

दिल्लीत दाट धुकं. विमान टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, खिळलेलं. शेजारचे काका वैतागले, "उडायचं राहू दे, पण जमिनीवर चालायला काय होतंय?"

खिडकीतून पंखाचं टोकही दिसत नव्हतं. अशा वेळी पायलटची भिस्त मधल्या रेषेवरच्या हिरव्या दिव्यांवर. धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची आडवी ओळ पेटलेली असेल, तर ओलांडायची नाही. टॉवरवाल्यांनाही डोळ्यांनी काही दिसत नाही.

१९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच धडकली, ५८३ माणसं गेली. २००१ मध्ये इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर छोटं विमान चुकीच्या टॅक्सीवेने धावपट्टीवर आलं, दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली, ११८ गेली. जमिनीवरची विमानं टॉवरला दाखवणारं तिथलं ग्राउंड रडार तेव्हा बंद होतं.

काकांना सांगणार होते. पण विमानात बसून असलं बोलायचं तरी कसं?