आमची वाटचाल : फोरमनच्या वहीपासून जॉबकार्डापर्यंत

लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात वडिलांनी ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापायला सुरुवात केली. कारभार माझ्या हाती आला तोवर शिशाचे खिळे आणि ते जुळवणारे जुळारी जाऊन प्लेटवरून छापणारे ऑफसेट आले होते. पुढची वर्षे बरी गेली. सांगायचे आहे ते मात्र एकाच हंगामाविषयी.

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून रुजलेल्या परंपरेने आमच्यासारख्या मराठी छापखान्यांना वर्षातला मोठा हंगाम दिला. गणपतीला निम्मी माणसे कोकणात जातात आणि ती परतली की फर्म्यांमागून फर्मे, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पाने, मशीनवर चढतात. त्या वर्षी आमचे फोरमन गावाहून परतले ते थेट त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या छापखान्यात. त्यांच्याबरोबर दोन मशीनमन गेले आणि ती वहीही गेली, जिच्यात कोणत्या कागदाला शाईच्या चाव्या किती उघडायच्या आणि कोणत्या ग्राहकाला मुखपृष्ठाचा लाल कसा लागतो, हे सारे टिपलेले होते. त्या छापखान्याचे मालक रोज आमच्याकडे चहाला बसत. माणसे फोडली हे एक वेळ समजू शकतो, पण आमच्या ग्राहकांना फोन करून ‘त्यांचे मशीन बंद पडले आहे’ असे सांगणे हा धंदा नव्हे, आणि हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगेन.

असाच फोन आमच्या एका जुन्या संपादकांनाही गेला. वडिलांच्या वेळेपासून त्यांचा अंक आमच्याकडे छापला जाई. काम उचलून न नेता ते स्वतः गाळ्यात आले, कागदाच्या रिमांवर बसले आणि उरलेल्या प्रत्येकाला ‘तुला काय काय येते?’ असे विचारत राहिले. आमच्या हेल्परने तेव्हा जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. दोनरंगी मशीनवर चार रंगांसाठी कागद दोनदा फिरतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये भाद्रपदातली दमट हवा लागली की तो फुगतो आणि रजिस्टर बसत नाही, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके जुळत नाहीत. म्हणून एका बाजूचे दोन रंग झाले की थप्पी लगेच प्लॅस्टिकने गुंडाळायची आणि लागतील तेवढीच रिमे फोडायची. मशीनमागे उभे राहून तो हे शिकला होता. मी त्याच दिवशी मशीन त्याच्या स्वाधीन केले आणि अंक वसुबारसेच्या आत स्टॉलवर गेला.

वही गेली तिच्या जागी जॉबकार्ड आले. कागद, माप, रंग, बाइंडिंग आणि देण्याची तारीख लिहिलेले हे कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कामाबरोबर टेबलाटेबलावर फिरते आणि प्रत्येक जण आपले काम संपले की त्यावर सही करतो. ग्राहकाने फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर बदल सांगितला, तरी तो कार्डावर चढून नव्या प्रुफावर सही होईपर्यंत मशीन हलत नाही. छपाई बिघडते आहे असे वाटले तर मशीनमन ती थांबवतो. त्यासाठी मला विचारावे लागत नाही आणि नंतर मी त्याला सर्वांदेखत बोलत नाही.

छोटा धंदा करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, काम सोपवायचे तर अधिकारासकट सोपवा. कटिंगवाल्याला नुसते माप देऊ नका. हे पुस्तक शिवायचे आहे की चिकटवायचे, तेही सांगा, म्हणजे मणक्याकडे किती जागा सोडायची हे तो स्वतः ठरवील. सूचना देऊन झाली की ‘समजले का?’ असे विचारू नका, कारण उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. समोरच्याला ती त्याच्या शब्दांत सांगायला लावा. चूक झाली तर आधी कार्ड पाहा, मग माणसाकडे वळा.

तो हेल्पर आज आमचा फोरमन आहे आणि दर गणपतीला निर्धास्तपणे गावी जातो, कारण त्याच्या मागे मशीन सांभाळणारी दोन माणसे त्यानेच तयार केली आहेत. संपादकांचा अंक अजून आमच्याकडेच छापला जातो. शेजारच्या त्या मालकांनी मात्र ग्राहकांना केलेल्या फोनबद्दल आजवर एका शब्दाने खुलासा केलेला नाही.