यकितोरी बाहेर, साते घरी

काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेलं काही मिळत असेल तर मी मेन्यूचं पुढचं पान उलटतच नाही. आणि इतकं खाऊन माझं एक मत पक्कं झालंय, यकितोरी (काडीवर भाजलेलं जपानी चिकन) बाहेर खायची आणि साते (आग्नेय आशियातलं, मसाला लावून काडीवर भाजलेलं मांस) घरी करायचं, उलटं करायच्या भानगडीत पडायचं नाही.

कारण यकितोरीत, त्यातही नुसतं मीठ लावलेल्या शिओवाल्या यकितोरीत, लपायला जागाच नसते. चिकन, मीठ, आग, संपलं. चांगल्या ठिकाणी बिन्चोतान वापरतात, म्हणजे उबामे जातीच्या ओकचा कोळसा, जपानमधल्या वाकायामाचा सगळ्यात नावाजलेला, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा टण्ण आवाज येतो. धूर अगदी कमी पण धग जबरदस्त आणि बराच वेळ एकसारखी, म्हणून कावा म्हणजे नुसत्या कातडीची काडी कुरकुरीत होते आणि नेगिमा म्हणजे चिकन आणि पातीच्या कांद्याच्या काडीतलं मांडीचं मांस आतून रसरशीत राहतं. शिवाय भाजणारा माणूस सतत काड्या फिरवत, पंखा मारत तिथे उभा असतो, ते घरच्या ओव्हनला कुठून जमणार? बोनजिरी, म्हणजे शेपटीचा तुकडा, तर घरी विसराच. एका कोंबडीला एकच, मग एक काडी भरायला किती कोंबड्या आणायच्या! टोकियोत शिंजुकूजवळच्या ओमोइदे योकोचोसारख्या अरुंद गल्लीत काउंटरला खेटून बसायचं आणि हे सगळं दुसऱ्याला करू द्यायचं.

चीनमधल्या शिनच्यांगकडची मटणाची काडी पण मी बाहेरच्याच यादीत टाकते. मांसाच्या मध्ये चरबीचा तुकडा असतो, ती चरबी निखाऱ्यावर ठिबकते, धूर उठतो, वर जिरं आणि तिखट, आणि खरी मजा त्या धुरातच आहे. गॅसवर नुसतं जिऱ्याचं मटण होतं (वाईट नाही लागत, पण ते हे नव्हे).

साते मात्र वेगळं. तिथे अर्धं काम मसाला करतो. गवती चहाचा खालचा पांढरा भाग, हळद, धणे, लसूण, छोटे कांदे, गलांगल (आल्यासारखं एक मूळ) मिळालं तर उत्तमच, थोडी साखर, सगळं वाटून मांडीच्या चिकनला रात्रभर लावून ठेवायचं. ब्रेस्ट नको, कोरडं पडतं. तुकडे साधारण दोन सेंटीमीटरचे आणि सगळे सारखे, नाहीतर एक कच्चा आणि एक करपलेला. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवायच्या, तरी टोकं जळतातच, म्हणून उघड्या टोकांना फॉइल गुंडाळते. ओव्हनचा वरचा ग्रिल फुल करून ट्रे जवळ ठेवायचा पण नजर हलवायची नाही कारण साखर बघता बघता काळी होते. आतून ७४ डिग्री सेल्सियस झालं की काढा. आणि कच्च्या चिकनचं उरलेलं मॅरिनेड सॉस म्हणून वर ओतू नका प्लीज, अगदी वापरायचंच असेल तर नीट उकळून घ्या.

थायलंडचं मू पिंग पण घरी मस्त होतं. पोर्क, कोथिंबिरीची मुळं, लसूण, पांढरी मिरी, फिश सॉस, पाम शुगर, आणि भाजताना वरून नारळाच्या दुधाचा हात. सोबत चिकट भात. बँकॉकमध्ये लोक सकाळी सकाळी रस्त्यावर हेच घेऊन ऑफिसला जातात, मला असा नाश्ता रोज चालेल.

सातेसोबतच्या दाण्याच्या सॉसचं म्हणाल तर दाणे भाजून जाडसर कुटा, गुळगुळीत पीनट बटरचा सॉस मला तरी गोड पेस्टसारखा लागतो. चिंचेचा कोळ जरा सढळ हाताने. बाजूला काकडी आणि कच्चा कांदा हवाच, आणि केतुपात, म्हणजे विणलेल्या पानांच्या पुडीत शिजवलेला भात, त्यासाठी विणायला नारळाची कोवळी पानं कुठून आणणार, तर मऊ भात डब्यात दाबून गार करून चौकोनी कापला तरी सॉस पुसून खायला भारी लागतो.