पथ्याचं पुस्तक आणि बाबांचा बांगडा
आज दादरला मधुमेहींच्या पाककृतींची पुस्तकं चाळत बसले. निम्म्यांत कारल्याचा रस, उरलेल्यांत उकडलेला दुधी. लिहिणाऱ्यांनी स्वतः खाऊन पाहिलंय का, देव जाणे! एकात तर साखरेऐवजी गूळ घालून 'मधुमेहींसाठी खास' लाडू. अहो, गुळातही बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साखरच असते, रक्तातली साखर त्यानेही चढतेच. ते तिथेच ठेवलं.

घेतलं ते एक पातळसं, प्रत्येक पदार्थापुढे कर्बोदकं ग्रॅममध्ये देणारं. वालाचं बिरडं, मुगाची धिरडी, सोलकढी. म्हणजे आपलंच जेवण, फक्त मोजून. बाबांचा पहिला प्रश्न, "आणि मासे?" आईने निकाल लावला, "बांगड्यात कुठली आलीत कर्बोदकं? त्याच्यासोबत भाताचा डोंगर रचता, तो आवरा."

रात्री बांगडा तव्यावर, थोड्या तेलात. रव्याऐवजी नाचणीचं पीठ, आगळ-हळद-तिखट नेहमीचंच. सोबत एक भाकरी, काकडीची कोशिंबीर, आणि भात शेवटी, वाटीभर. बाबा काटे काढता काढता म्हणाले, "याला पथ्य म्हणतात होय?"

गोडाचं मात्र अजून जमलेलं नाही. साखरेऐवजी वापरतात त्या स्टिव्हियाची कडवट चव बाबा लगेच ओळखतात. कुणाकडे बरी कृती असेल तर कमेंटमध्ये टाका, गणपती येतायत.