ऑकलंड, नाइल्स, पालो आल्टो : थिएटर ऑर्गन आणि मूकपटांच्या तीन संध्याकाळी

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात शुक्रवार ते रविवार अशा सलग तीन संध्याकाळी मोकळ्या काढता आल्या, तर थिएटर ऑर्गन, म्हणजे चित्रपटगृहात बसवलेला पाईपांचा ऑर्गन, आणि मूकपटाची जिवंत साथ ही दोन्ही कळतील इतकी ऐकून होतात. शुक्रवारी ऑकलंडचं ग्रँड लेक, शनिवारी फ्रीमाँटमधलं नाइल्स, रविवारी पालो आल्टोचं स्टॅनफर्ड थिएटर. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. पहिल्या दिवशी नुसता ऑर्गन ऐकायचा, चित्रपटाशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या दिवशी मूकपट, पण साथीला नुसता पियानो. तिसऱ्या दिवशी ऑर्गन समोर येतो तेव्हा कानाला वाद्यही ओळखीचं झालेलं असतं आणि साथ म्हणजे काय तेही उमगलेलं असतं.

तारखा ठरवताना मात्र उलटीकडून सुरुवात करा. स्टॅनफर्डला मूकपट रोज नसतात. तिथलं वेळापत्रक हंगामानुसार लागतं आणि दोन हंगामांच्या मध्ये थिएटर बंदही असतं. म्हणून आधी त्यांचं कॅलेंडर बघा, ऑर्गनच्या साथीचा मूकपट कधी आहे ते शोधा आणि बाकीच्या दोन संध्याकाळी त्याच्या अवतीभवती बसवा. मूकपट मिळाला नाही तरी जायला हरकत नाही. साडेसातच्या खेळाच्या आधी आणि नंतर ऑर्गन वाजवण्याची तिथली जुनी प्रथा आहे.

मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं: पायाने भाता मारायचा, लाकडी कपाटासारखा, बालगंधर्वांच्या पदांमागे वाजणारा. त्या वाद्यात पितळी रीड असतात, पाईप नसतात, आणि सगळा आवाज त्या एका पेटीतून येतो. थिएटर ऑर्गनची गोष्ट निराळी. वादक बसतो ते घोड्याच्या नालेच्या आकाराचं कन्सोल म्हणजे फक्त बटणांचं टेबल. खरं वाद्य भिंतीत असतं. पडद्याच्या बाजूंच्या जाळ्यांमागे खोल्या असतात, त्यांना चेंबर म्हणतात, आणि त्यांत शेकडो पाईप उभे असतात. तळघरातला विजेचा ब्लोअर त्यांना हवा पुरवतो. चर्चच्या ऑर्गनमध्ये हवेचा दाब साधारण ३ ते ४ इंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो, वुर्लिट्झर कंपनीच्या बनावटीसारख्या थिएटर ऑर्गनमध्ये १० इंच किंवा त्याहून जास्त. मोठ्या सभागृहात थोड्याच पाईपांनी छातीत घुमणारा आवाज निघतो तो त्यामुळे. आणि हे सगळं खरं आहे: स्पीकर नाही, रेकॉर्डिंग नाही. झायलोफोन वाजला तर चेंबरमध्ये खरोखर लाकडी पट्ट्यांवर हातोड्या पडत असतात. ढोल, झांज, घोड्याच्या टापा, पक्ष्याची शीळ, दाराची घंटा, सारं आत बसवलेलं असतं आणि हवेच्या किंवा विजेच्या जोरावर चालतं.

एकाच आवाजाच्या, लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेल्या पाईपांच्या ओळीला रँक म्हणतात. रँक कमी आणि आवाज पुष्कळ, ही या वाद्याची कल्पना. रॉबर्ट होप-जोन्स हा तिच्यामागचा माणूस. १९१० मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडाच्या वुर्लिट्झर कंपनीत आला. रुंद पाईपांचा, बासरीसारखा गोल आवाज देणारा टिबिया घ्या. त्याच्या ९७ पाईपांची एकच रँक असली, तर तीच १६, ८, ४ आणि २ फुटी (सर्वांत लांब पाईपाच्या लांबीवरून; आकडा निम्मा झाला की सूर एक सप्तक वर) अशा चार वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी वापरता येते. कन्सोलवर आवाज निवडायच्या रंगीत पट्ट्यांची लांबलचक कमान दिसते, पण चेंबरमध्ये तितक्या रँक नसतात, त्याचं कारण हेच.

शुक्रवार, ग्रँड लेक. हे थिएटर १९२६ चं आहे, लेक मेरिटच्या काठाला. छतावरची दिव्यांची मोठी पाटी लांबूनच दिसते. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळच्या खेळाआधी इथे वुर्लिट्झर वाजतो. पडदे अनेक आहेत, ऑर्गन मात्र एकाच, मुख्य सभागृहात. तिकीट काढताना चित्रपट कोणता यापेक्षा तो कोणत्या सभागृहात आहे ते विचारा. हे न विचारल्यामुळे शेजारच्या पडद्याचं तिकीट घेऊन ऑर्गन न ऐकता परतणारे दर वेळी असतात. चित्रपट सुरू व्हायच्या आधी किमान ४० मिनिटं आत असा. वादन थोडाच वेळ असतं आणि ते कोणासाठी थांबत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ८८० महामार्ग तुंबलेला असतो, दक्षिणेकडून येणाऱ्यांनी तासभर जास्तीचा धरावा. बार्ट या लोकल रेल्वेने आलात तर नाइन्टीन्थ स्ट्रीट स्टेशनवर उतरा. तिथून चालत अर्धा तास लागतो आणि उजेड असेल तर रस्ता तळ्याच्या कडेने छान आहे.

या पहिल्या संध्याकाळी पुढच्या चार-पाच रांगांत, थोडं बाजूला, वादकाचे हात आणि पाय दिसतील असं बसा. इथे ऐकण्याइतकंच बघणंही महत्त्वाचं. डावा पाय जमिनीलगतच्या ३२ सुरांच्या पेडलपट्टीवर खर्ज वाजवत असतो. उजवा पाय बहुतेक वेळ रुंद पेडलवर असतो, मोटारच्या ॲक्सिलरेटरवर ठेवल्यासारखा. तो पेडल दाबला की चेंबरच्या तोंडावरच्या लाकडी झडपा उघडतात आणि आवाज मोठा होतो. पाईप जास्त जोराने वाजत नाही, फक्त त्याचं दार उघडतं. हात कीबोर्डवर असताना अंगठा मधूनच खालच्या गोल बटणाला स्पर्श करतो. ते पिस्टन. एका स्पर्शात पंधरा-वीस पट्ट्या खटकन वर-खाली होतात आणि वाद्याचा सगळा रंग बदलतो. तो ‘खट्’ पुढच्या रांगेत स्पष्ट ऐकू येतो. तो ऐकला की पुढच्या क्षणी काय बदललं ते कान लावून पकडायचं. ऑर्गन ऐकायला शिकण्याची याहून सोपी रीत नाही.

शनिवार, नाइल्स. फ्रीमाँटमध्ये मराठी वस्ती भरपूर आहे, पण नाइल्स कॅन्यनच्या तोंडाशी असलेल्या या जुन्या भागाकडे बरेच जण फक्त जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी जातात. एसने या चित्रपट कंपनीने १९१३ मध्ये इथे स्टुडिओ बांधला, ब्राँको बिली अँडरसनचे काउबॉयपट इथे झाले, १९१५ मध्ये चार्ली चॅप्लिन इथे काम करून गेला आणि १९१६ मध्ये स्टुडिओ बंद पडला. त्याच मुख्य रस्त्यावर १९१३ चं एडिसन थिएटर आज मूकपट संग्रहालयाचा भाग आहे आणि शनिवारी संध्याकाळी तिथे खरी फिल्म प्रोजेक्टरवर लागते. त्याच १९१३ मध्ये, ३ मे रोजी, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. आपल्याकडे मूकपटाला पेटी-तबल्याची साथ असायची, इथे पियानोची. काम तेच.

जागा थोड्या आहेत, सभागृह छोटं आहे. तिकीट आधी काढा आणि पाठीला उशी घेऊन जा. खुर्च्या जुन्या धाटणीच्या आहेत आणि लघुपट, मध्यंतर, मुख्य चित्रपट मिळून दोन-अडीच तास सहज होतात. जेवण आधी उरका, नाइल्सची दुकानं लवकर मिटतात. दुपारी संग्रहालय उघडं असेल तर प्रोजेक्टर जवळून बघून घ्या, रात्री त्याचा उपयोग होतो.

कारण साथीची पहिली अडचण वेगाची असते. मूकपट ठरावीक गतीने चालत नसत. सेकंदाला १६ चित्रं ते २४ चित्रं, मधलं काहीही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे १,००० फुटांचं रीळ १६ च्या गतीने १६ मिनिटं ४० सेकंद चालतं आणि २४ च्या गतीने ११ मिनिटं ७ सेकंदांत संपतं. एकाच रिळात साडेपाच मिनिटांचा फरक! वादकाने घरी एका गतीच्या प्रतीवर तयारी केली आणि प्रोजेक्टर दुसऱ्या गतीने लावला, तर बसवलेला प्रत्येक प्रसंग घसरतो. म्हणूनच जाणते साथीदार पूर्ण स्वरलिपी क्वचितच पाठ करतात. चार-पाच सुरावटी मनाशी ठरवतात: नायकाची, प्रेमाची, पाठलागाची, संकटाची. बाकी सगळं पडद्याकडे बघत.

पियानोवाला नोट्सकडे किती वेळा बघतो आणि पडद्याकडे किती वेळा, ते मोजा. चांगल्या साथीदाराची मान वरच असते. लिखित पाटी आली की तो आवाज खाली घेतो, कारण वाचताना लोकांना जागा लागते. प्रत्येक आपटण्यावर, प्रत्येक पडण्यावर तो धाडकन स्वर मारत नाही. दहा पडण्यांत दोन निवडतो, म्हणून त्या दोनांना हशा येतो. दार वाजणार हे त्याला आधी ठाऊक असतं, पण सूर तो पात्राच्या डोळ्यांबरोबर बदलतो, प्रेक्षकांच्या आधी नाही. आणि मधूनच पूर्ण थांबतो. गच्च भरलेल्या खोलीत फक्त प्रोजेक्टरची खरखर उरते, त्या चार सेकंदांसाठी नाइल्सला जावं. आपल्या कीर्तनात टाळ-मृदंग अचानक थांबून बुवांचा एकच शब्द उरतो, परिणाम तसाच. फिल्म तुटली तर वादक वाजवत राहतो, त्यामुळे गोंधळून उठू नका. दोन मिनिटांत चित्र परत येतं.

रविवार, स्टॅनफर्ड थिएटर. फ्रीमाँटकडून डम्बार्टन पुलाने या. टोल पश्चिमेकडे जाताना लागतो आणि रोख घेत नाहीत. कॅलट्रेनच्या पालो आल्टो स्टेशनवरून युनिव्हर्सिटी अव्हेन्यूने चालत पाच-सात मिनिटं. थिएटर १९२५ चं, पॅकार्ड फाउंडेशनने १९८७ मध्ये घेऊन मूळ रूपात आणलं आणि १९८९ मध्ये पुन्हा उघडलं. खिशात थोडे रोख डॉलर ठेवा.

आज पुढे बसू नका. हात-पाय शुक्रवारी बघून झाले, आता वाद्य आणि सभागृह एकत्र ऐकायचं आहे. खाली बसलात तर मधल्या भागात, पण बाल्कनीच्या छताखाली नाही. त्या छपराखाली वरचे सूर अडतात आणि नुसता खर्ज पोचतो. बाल्कनी उघडी असेल तर तिची पहिली रांग सर्वांत उत्तम. भिंतीलगतच्या खुर्च्या टाळा, तिथे एकाच चेंबरचा आवाज येतो. लहान मुलं सोबत असतील तर कानात घालायचे बोळे ठेवा. ट्यूबा आणि पोस्ट हॉर्न या दणदणीत आवाजाच्या रँक एकदम उघडल्या की मुलं दचकतात.

कन्सोल लिफ्टवरून वर येतं तेव्हा टाळ्या पडतात. चित्रपट सुरू होताना ते परत खाली जातं, म्हणजे त्याचा दिवा पडद्यावर पडू नये. मूकपटाच्या वेळी वादकाला पडदा दिसेल इतपतच ते खाली ठेवतात. तो पडद्याच्या अगदी पायथ्याशी, मान मागे टाकून दीड-दोन तास एकटा वाजवतो. मध्यंतरात त्याला गाठून प्रश्न विचारण्याचा मोह आवरा, त्याची तेवढीच विश्रांती असते.

पियानोनंतर ऑर्गन ऐकताना फरक कळतो तो लांब सुरात. पियानोचा स्वर वाजला की विरायला लागतो, त्यामुळे पियानोवाल्याला सतत बोटं चालवावी लागतात. ऑर्गनचा सूर बोट असेपर्यंत टिकतो. चेहऱ्याचं मोठं दृश्य आलं की एकच सूर धरून झडपा हळूहळू उघडायच्या, बस. उलट धोका असा की सलग सूर कानाला लवकर थकवतो. म्हणून चांगला वादक ट्रेम्युलंट, म्हणजे हवेला हलवून सुराला थरथर देणारं यंत्र, मधूनच बंद करतो. थरथर थांबली की सूर एकदम सरळ, थंड होतो. भीतीच्या प्रसंगात हे नक्की ऐका.

बिघाड कसा ओळखायचा? एखादा सूर बोट उचलल्यावरही वाजतच राहिला, तर त्याला सायफर म्हणतात. कळ दाबली की विजेने एक इवलासा चुंबक लोखंडी चकती उचलतो, हवा सुटते आणि पाईपखालची झडप उघडते. त्या चकतीखाली धुळीचा कण अडकला तर झडप मिटतच नाही. वादक आधी तीच कळ भराभर ठोकून कण उडवायचा प्रयत्न करतो. तो गेला नाही तर ती रँक बंद करून उरलेल्यांवर भागवतो, आणि तरीही सूर चालूच राहिला तर तंत्रज्ञ चेंबरमध्ये शिरून तो पाईपच उपसून ठेवतो. दुसरी अडचण उष्म्याची. तापमान एका अंश सेल्सियसने वाढलं की बासरीसारखे पाईप साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतात, आत पितळी जीभ असलेले रीडचे पाईप मात्र त्यांच्याबरोबर तितके चढत नाहीत, आणि दोघांत तफावत पडते. उन्हाळ्यात भरलेल्या सभागृहात शेवटच्या अर्ध्या तासात वाद्य थोडं बेसूर वाटलं तर वादकाला दोष देऊ नका.

चित्रपट संपल्यावर दिवे लागतात आणि बहुतेक लोक कोट चढवत बाहेर निघतात, तेव्हाच ऑर्गन पुन्हा सुरू होतो. यावेळी वादकावर चित्राचं बंधन नसतं. बसून राहा, किंवा आता खुशाल पुढे जाऊन कन्सोलजवळ उभे राहा. फक्त कळांना हात लावू नका. पालो आल्टोहून रात्रीची शेवटची कॅलट्रेन किती वाजता आहे ते मात्र आत शिरण्यापूर्वीच बघून ठेवा.