नॅनीच्या गाडीचं मायलेज: नुसता गॅस देऊन भागत नाही

अमेरिकेतल्या आपल्या घरांत हे सर्रास चालतं. सुट्टीत नॅनी स्वतःच्या गाडीतून मुलांना लायब्ररी, पोहणं, झू असं फिरवते आणि शुक्रवारी गॅसचे (म्हणजे पेट्रोलचे) तेवढे पैसे तिच्या हातावर ठेवले जातात. हिशोब मांडून बघा.

आठवड्यात मुलांसाठी ४० मैल झाले. गाडी गॅलनला २५ मैल देते, म्हणजे १.६ गॅलन; ३ डॉलरच्या भावाने पाच डॉलरही होत नाहीत. मायलेज म्हणजे गाडीच्या वापराची मैलामागे भरपाई; तिचा आयआरएसचा (अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा) २०२६ चा दर मैलाला ७२.५ सेंट आहे (२०२५ मध्ये ७० होता). त्या दराने होतात २९ डॉलर. मधले चोवीस कुठले? टायर, ऑइल, दुरुस्ती, इन्शुरन्स आणि गाडीची घटणारी किंमत. ती झीज तुमच्या मुलांपायी होते, तेव्हा भरपाईही तुमचीच. टोल आणि पार्किंग या दरात धरलेले नाहीत, ते वेगळे द्यायचे. कॅलिफोर्नियात तर कामासाठी झालेला खर्च भरून देणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

तिच्या घरापासून तुमच्या घरापर्यंतचे मैल धरायचे नाहीत. दुपारी ती थेट शाळेत येत असेल तर मोजणी शाळेपासून. मुलं गाडीत नसतानाचे, पण तुमच्या कामाचे मैल मात्र धरायचे. मुलाला क्लासला सोडून रिकामी परत येते तेही त्यात आलं. गाडी चालवण्याचा वेळ हा कामाचाच वेळ, त्याचा तासाचा पगार वेगळा. मायलेज दिलं म्हणून तास कापणारे लोक आहेत!

नोंद साधीच असते: तारीख, कुठून कुठे, कशासाठी, मैल. शेअर केलेली एक शीट पुरे, पण त्याच दिवशी भरलेली. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेले आकडे सगळे पाच-दहाच्या पटीत येतात आणि मग कुरबुर सुरू होते. ६० दिवसांच्या आत नोंद मिळाली आणि दर आयआरएसच्या मर्यादेत असला, तर ही रक्कम पगारात धरली जात नाही, तिच्यावर टॅक्स नाही. पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) ती वेगळ्या ओळीत दाखवा. नोंद न ठेवता दरमहा ठोक शंभर डॉलर दिले, तर तो पगारच ठरतो आणि दोघांनाही त्यावर ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर टॅक्स (सरकारी पेन्शन आणि आरोग्य विम्यासाठीचा) भरावा लागतो.

तुमची गाडी दिलीत तर मायलेजचा प्रश्न नाही, गॅस तुमचा. पण किल्ली देण्याआधी पॉलिसीत तिचं नाव ड्रायव्हर म्हणून घाला. गाडी तिची असेल तर कामासाठी मुलं नेलेली चालतात का, हे तिने इन्शुरन्सवाल्याला विचारून लेखी उत्तर घ्यावं. काही पॉलिसींत तो वापर वगळलेला असतो. प्रीमियम वाढला तर फरक कोण देणार, तेही करारात लिहून ठेवा.

झूची तिकिटं, मुलांचं खाणं आणि तिचं स्वतःचं तिकीटसुद्धा तुमच्याकडे. त्यासाठी आधीच कार्ड किंवा रोख देऊन ठेवा, तिच्या खिशातून आधी जायला नको.